विकास आराखडा सुधारतो म्हणजे नेमकं काय होतं, आणि चुका कुठे शिरतात

गल्लीतला साडेसात मीटरचा रस्ता बारा मीटरचा होणार का, समोरच्या मोकळ्या जागेत मैदान येणार की इमारत, शहराच्या कडेची शेती कधी निवासी विभागात जाणार, हे सगळं एका नकाशावर आणि त्याच्यासोबतच्या अहवालात ठरतं. त्याला विकास आराखडा किंवा विकास योजना म्हणतात. बोलताना सगळे डीपी म्हणतात. महाराष्ट्रात तो महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ या कायद्याखाली तयार होतो. हा कायदा ११ जानेवारी १९६७ पासून लागू आहे. त्याच्या कलम ३८ नुसार आराखडा लागू झाल्यापासून वीस वर्षांत किमान एकदा तो सुधारला पाहिजे.

प्रत्यक्षात हे वेळापत्रक क्वचितच पाळलं जातं. पुण्याच्या जुन्या हद्दीचा आराखडा १९८७ चा होता. त्याची सुधारित आवृत्ती मंजूर व्हायला जानेवारी २०१७ उजाडला. मुंबईच्या आराखड्यावर २०१४ ते २०३४ असा काळ लिहिला आहे, पण तो लागू झाला १ सप्टेंबर २०१८ ला. म्हणजे वीसपैकी साडेचार वर्षं आधीच गेली होती. अशा उशिराचा फटका कागदापुरता राहत नाही. आराखडा थांबला तरी शहर थांबत नाही. मैदानासाठी राखून ठेवलेल्या म्हणजे आरक्षित जागेवर झोपड्या उभ्या राहतात, शेती विभागात गुंठेवारीचे प्लॉट विकले जातात, आणि नवा आराखडा करणाऱ्याला जे घडून गेलं ते नकाशावर उतरवून घेण्यापलीकडे फारसं काही उरत नाही.

बहुतेक लोक जागे होतात ते प्रारूप आराखडा, म्हणजे कच्चा मसुदा, प्रसिद्ध झाल्यावर, वर्तमानपत्रात 'अमुक भागात आरक्षणं' अशी बातमी आली की. तोवर बरंच काही ठरून गेलेलं असतं. म्हणून सुरुवातीच्या दोन टप्प्यांवर इथे जास्त बोलू.

इरादा आणि सर्वेक्षण

महापालिका किंवा नगरपालिका आधी ठराव करून आराखडा सुधारण्याचा इरादा जाहीर करते. ही सूचना राजपत्रात आणि स्थानिक वर्तमानपत्रांत छापली जाते (कलम २३). त्यानंतर कोणत्याही जमिनीचा वापर परवानगीशिवाय बदलता येत नाही. मग सहा महिन्यांत विद्यमान जमीन वापराचं सर्वेक्षण करून नकाशा बनवायचा असतो (कलम २५). आज कुठे घरं आहेत, कुठे दुकानं, कारखाने, शाळा, देवळं, दवाखाने, विहिरी, ओढे, स्मशानं आणि मोकळी जमीन आहे, याची ही नोंद.

सगळ्या प्रक्रियेत सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित टप्पा हाच. पुढची आरक्षणं याच नकाशावर टाकली जातात. सर्वेक्षकाला जी जागा रिकामी दिसते तिथे बाग, मैदान किंवा बसस्थानक टाकायला नगररचनाकार मोकळा असतो. आणि 'रिकामी' दिसणारी जागा कधीकधी रिकामी नसते. उपग्रह चित्रात पत्र्याची शेड आणि राहती चाळ सारखीच दिसतात. सर्वेक्षणाच्या दिवशी पाया खणलेला असतो पण इमारत उभी नसते. मंजूर रेखांकनातले प्लॉट विकलेले असतात, पण बांधकाम एकाच प्लॉटवर झालेलं असतं. उन्हाळ्यात कोरडा पडलेला ओढा नोंदवायचा राहून जातो.

मुंबईत हे मोठ्या प्रमाणावर घडलं. फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रारूपात वारसा इमारती आणि प्रार्थनास्थळांच्या नोंदी चुकल्या होत्या, उभ्या इमारतींमधून रस्ते गेलेले दिसत होते. चुका इतक्या होत्या, की एप्रिल २०१५ मध्ये मुख्यमंत्र्यांनी तो दुरुस्त करून पुन्हा प्रसिद्ध करण्याचा आदेश दिला. नवं प्रारूप मे २०१६ मध्ये आलं. सर्वेक्षणातल्या निष्काळजीपणाची किंमत वर्षांमध्ये मोजावी लागते ती अशी.

दुसरी चूक नकाशे एकमेकांवर बसवण्यात होते. भूमी अभिलेखचे जुने गावनकाशे ताणलेले, आकसलेले, कोपरे झिजलेले असतात. ते आजच्या उपग्रह चित्रावर बसवताना चारही बाजू जुळत नाहीत. एका कडेला जुळवलं की दुसरी कडा काही मीटर सरकते. त्यातून एका गट नंबरवरचं आरक्षण शेजारच्या गटावर गेल्यासारखं दिसतं. म्हणून सर्वेक्षण चालू असतानाच आपल्या जमिनीची अलीकडची मोजणी, मंजूर रेखांकन आणि बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्राची प्रत नगररचना कार्यालयात पत्रासोबत द्यावी आणि पोच घ्यावी. हरकतीच्या वेळी भांडण्यापेक्षा हे कितीतरी सोपं आहे. गृहनिर्माण संस्थांनीही हे करावं. इमारत पूर्ण झाली, पण मंजूर नकाशातली मोकळी जागा कागदावर संस्थेच्या नावे झाली नाही, अशी प्रकरणं पुष्कळ असतात.

वीस वर्षांनी किती माणसं असतील

आराखडा वीस वर्षांपुढची लोकसंख्या धरून करतात. आकडेवारीचा पाया अजूनही २०११ ची जनगणना आहे, कारण २०२१ ची झालीच नाही. पद्धत बदलली की उत्तर किती बदलतं, ते पिंपरी-चिंचवडच्या आकड्यांवरून पाहू. जनगणनेनुसार तिथली लोकसंख्या १९९१ ला सुमारे ५.१७ लाख, २००१ ला १०.१२ लाख आणि २०११ ला १७.२८ लाख होती.

दर दशकात सरासरी जितकी माणसं वाढली तितकीच पुढेही वाढतील असं धरलं, तर २०३१ ला साधारण २९ लाख येतात. वाढीचा वेगही त्याच मापात वाढेल असं धरलं तर ३६ लाख. आणि वाढीची टक्केवारी तशीच राहील असं मानलं तर जवळपास ५८ लाख. आकडे तेच आणि गणितही तिन्ही ठिकाणी बरोबर, तरी सगळ्यात लहान आणि मोठ्या उत्तरात सुमारे २८ लाखांचा फरक. त्यात १९९७ मध्ये आजूबाजूची गावं हद्दीत आली, त्यामुळे १९९१ ते २००१ च्या वाढीत शहराची वाढ किती आणि गावांची भर किती हे वेगळं काढायला हवं. ते न काढता टक्केवारी पुढे ओढली की अंदाज फुगतो.

हा फरक जमिनीवर उतरवून पाहा. केंद्राच्या नगररचना मार्गदर्शक तत्त्वांत दर ५,००० लोकांमागे एक प्राथमिक शाळा आणि तिला ०.४ हेक्टर जागा धरली आहे. २८ लाख माणसं जास्त धरली की ५६० शाळा आणि सुमारे २२४ हेक्टर जमीन जास्त लागते, तीही फक्त प्राथमिक शाळांसाठी. मैदानं, बागा, दवाखाने, भाजी मंडई, अग्निशमन केंद्र, कचरा प्रक्रिया यांचे हिशेब त्याच्यावर. उलट आकडा कमी धरला, तर पुढच्या पिढीला शाळेसाठी शहराबाहेर जावं लागतं. त्यामुळे अहवाल हातात आला की लोकसंख्येचं प्रकरण आधी उघडावं. कोणती पद्धत वापरली, हद्दवाढ कशी धरली, आणि शहराच्या वेगवेगळ्या विभागांत लोकसंख्या कशी वाटली ते बघावं. शहराची सरासरी चांगली दिसते आणि एका जुन्या पेठेत मात्र माणशी मोकळी जागा जवळपास शून्य असते. सरासरीत हे झाकलं जातं.

प्रारूप नकाशा वाचताना

कायद्यानुसार इरादा जाहीर झाल्यापासून साधारण दोन वर्षांत प्रारूप आराखडा प्रसिद्ध करायचा असतो (कलम २६). मुदतवाढ मिळते आणि ती बहुधा घेतली जाते. फारच रखडलं तर सरकार काम पालिकेकडून काढून घेऊ शकतं. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्याचं २०१५ मध्ये तसंच झालं आणि विभागीय आयुक्तांच्या समितीनं तो पुढे नेला.

प्रसिद्ध होतात त्यात शहराचा एकत्र नकाशा, विभागवार भाग नकाशे, अहवाल आणि विद्यमान जमीन वापराचा नकाशा असतो. संकेतस्थळावरचा एकत्र नकाशा बघून निष्कर्ष काढू नका. त्याचं प्रमाण लहान असतं. १:५००० च्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर पाच मीटर. नकाशावरची रेघच अर्धा मिलिमीटर जाड असली तरी ती अडीच मीटर जागा व्यापते. घराच्या भिंतीला रस्ता लागतो की नाही, हे अशा रेघेवरून कळणं शक्यच नाही. भाग नकाशाची प्रमाणित प्रत घ्या आणि त्यावर आपला गट किंवा सिटी सर्व्हे नंबर शोधा.

रंगांचा साधारण संकेत असा असतो: निवासी पिवळा, व्यापारी निळा, औद्योगिक जांभळा, सार्वजनिक वापर लाल, बागा आणि शेती हिरव्या छटांत. तरी प्रत्येक नकाशाची सूची वेगळी वाचा. प्रत्येक आरक्षणाला एक क्रमांक असतो. अहवालातल्या तक्त्यात त्या क्रमांकासमोर उद्देश, क्षेत्रफळ आणि जागा कोणत्या यंत्रणेनं घ्यायची ते लिहिलेलं असतं. नकाशा आणि तक्ता यांत विसंगती असेल, तर ती हरकतीत मांडायची सगळ्यात भक्कम गोष्ट असते.

नदीकाठी दोन रेषा फार महत्त्वाच्या आहेत. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची, लाल पूररेषा १०० वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची. त्या जलसंपदा विभाग ठरवतो. नदी आणि निळ्या रेषेमधला पट्टा नवीन बांधकामासाठी निषिद्ध. निळ्या आणि लाल रेषेमध्ये बांधकाम होऊ शकतं, पण जोतं लाल रेषेच्या पातळीपेक्षा ०.४५ मीटर वर ठेवावं लागतं. कोल्हापूर-सांगलीनं २०१९ आणि २०२१ मध्ये जे पाहिलं, त्यानंतर या रेषा आराखड्यावर अचूक आल्या आहेत की नाहीत हे नदीकाठच्या प्रत्येकानं स्वतः तपासावं. सर्वेक्षणात ओढ्यांची नोंद सुटली की नकाशावर ते नाहीसे होतात, आणि पुढे त्यांच्यावरच भराव पडतो.

हरकत लिहायची कशी

हरकतीची मुदत सूचनेत छापलेली असते. कधी ३० दिवस, कधी ६०. सूचनेत दिलेली शेवटची तारीख धरा, ऐकीव नको. मोठ्या शहरात हरकतींचा आकडा हजारांत जातो. २०१३ च्या पुण्याच्या प्रारूपावर तो ऐंशी हजारांच्या पुढे गेला होता. त्यामुळे तुमचा कागद तीस सेकंदांत समजला पाहिजे.

पहिल्या परिच्छेदात गट किंवा सिटी सर्व्हे नंबर, भाग नकाशाचा क्रमांक आणि आरक्षणाचा किंवा रस्त्याचा क्रमांक लिहा. दुसऱ्यात नेमकी चूक: 'नकाशात मोकळी जमीन दाखवली आहे, प्रत्यक्षात अमुक तारखेच्या परवानगीनं बांधलेली, २४ कुटुंबं राहत असलेली इमारत आहे.' तिसऱ्यात काय हवं ते. सोबत सातबारा किंवा मिळकत पत्रिका, मोजणी नकाशा, मंजूर बांधकाम नकाशा, भोगवटा प्रमाणपत्र, फोटो आणि भाग नकाशावर रंगवलेली जागा जोडा. एका कागदात एकच मुद्दा ठेवा. रस्त्याची आणि बागेची हरकत वेगवेगळी द्या. दोन प्रती करा आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. सुनावणीत तोच क्रमांक विचारतात.

'आरक्षण रद्द करा' एवढंच म्हणणारी हरकत कमकुवत पडते. विभागातली बाग कमी होते हे कारण देऊन ती फेटाळणं समितीला सोपं जातं. जवळच तेवढ्याच क्षेत्राची सरकारी किंवा पालिकेची जागा दाखवता आली, तर समितीला तुमची मागणी मान्य करण्याचा मार्ग मिळतो. छापील नमुन्यावर शेकडो सह्या गोळा करून दिलेल्या हरकती एकत्र ऐकल्या जातात आणि एकाच ओळीत निकाली निघतात. लोकांचा विरोध नोंदवायला त्या चालतात, पण एखाद्या जागेबद्दलची चूक सुधारायला नाही. सूचना देणाऱ्यांनीही लाजू नये. 'इथे मैदान हवं' हा मुद्दा जमीनमालक सोडून दुसऱ्या कोणी मांडला नाही, तर कागदोपत्री फक्त मैदान नको म्हणणारेच उरतात.

सुनावणी नियोजन समितीपुढे होते (कलम २८). स्थायी समितीचे तीन सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त चार तज्ज्ञ. बोलायला वेळ फार थोडा मिळतो. नकाशा समोर ठेवून चूक बोटानं दाखवा आणि मूळ कागद सोबत न्या.

समितीनंतर जे होतं

समितीच्या अहवालावर पालिका बदल करते आणि आराखडा मंजुरीला सरकारकडे जातो. लोकांचं लक्ष इथे उडतं आणि खरी घडामोड इथेच होते. कलम ३१ खाली सरकार तो जसाच्या तसा मंजूर करू शकतं, बदलासह करू शकतं किंवा परतही पाठवू शकतं. बदल सारभूत असेल, म्हणजे उदाहरणार्थ आधी बाधित नसलेल्या जमिनीवर नवा रस्ता टाकला असेल, तर तेवढा भाग वेगळा ठेवून त्यावर पुन्हा हरकती मागवाव्या लागतात. यालाच नगररचनेत वगळलेला भाग किंवा ईपी म्हणतात. त्यामुळे 'आराखडा मंजूर झाला' या बातमीनंतरही शेकडो तुकडे अधांतरी असू शकतात. आपला गट त्या ईपी यादीत आहे का, हे मंजुरीच्या अधिसूचनेसोबतच्या तक्त्यात बघा. प्रारूपात आरक्षण नव्हतं म्हणून निश्चिंत राहिलेल्या मालकाला ते या टप्प्यावर लागू शकतं, आणि हरकतीची ही त्याची पहिली आणि बहुधा शेवटची संधी असते.

आरक्षणाचे पैसे कुठून येतात

नकाशावर हिरवा रंग भरला म्हणजे बाग होत नाही. जमीन घ्यावी लागते. कलम १२६ मध्ये तीन मार्ग आहेत: वाटाघाटीनं पैसे देऊन, जास्तीचं चटई क्षेत्र (बांधकामाचं क्षेत्र) किंवा टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) देऊन, किंवा भूसंपादन करून. भूसंपादनात २०१३ च्या केंद्रीय कायद्यानुसार शहरी जमिनीला बाजारमूल्याइतकंच दिलासा मूल्य वर द्यावं लागतं, म्हणजे साधारण दुप्पट. एक हेक्टरच्या मैदानाचा हिशेब करू. रेडी रेकनर, म्हणजे सरकारनं ठरवलेला जमिनीचा दर, चौरस मीटरला २०,००० रुपये धरला तर जमीन २० कोटींची आणि भरपाई ४० कोटींची. अशी शंभर आरक्षणं म्हणजे ४,००० कोटी. मध्यम आकाराच्या महापालिकेला हे कधीच पेलणारं नाही. म्हणून ती टीडीआर पुढे करते.

टीडीआरमध्ये मालकाला पैशाऐवजी बांधकामाचा हक्क मिळतो: मुंबईबाहेरच्या शहरांत दाट वस्तीच्या भागात जमिनीच्या तिप्पट, इतरत्र दुप्पट. हा हक्क दुसऱ्या प्लॉटवर वापरतात किंवा विकतात. मात्र जिथे वापरायचा तिथला दर मूळ जागेपेक्षा जास्त असेल, तर त्या प्रमाणात क्षेत्र कमी होतं. शिवाय नऊ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावरच्या प्लॉटवर टीडीआर सहसा वापरता येत नाही. बाजारात टीडीआर पडून असेल तर मालक तो घ्यायला तयार होत नाही. आणि घेतलेला टीडीआर जिथे उतरतो तिथल्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्यांचा हिशेब आराखड्यात नसेल, तर एका भागातल्या मैदानाची किंमत दुसरा भाग मोजतो. आणखी एक मार्ग समावेशक आरक्षणाचा. मालकानं जागेच्या एका भागावर शाळा किंवा मंडई बांधून पालिकेला फुकट द्यायची आणि उरलेल्या भागावर स्वतःचं बांधकाम करायचं. मंडई-वाहनतळासारख्या इमारतींना हा चालतो. मैदानाला नाही चालत, असं आमचं स्पष्ट मत आहे. मैदानाचा अर्धा भाग गेला की खेळायला जागा उरत नाही.

पालिकेकडे पैसे नाहीत आणि मालक टीडीआरही घेत नाही, तर कलम १२७ येतं. अंतिम आराखडा लागू होऊन दहा वर्षं झाली आणि जमीन घेतली गेली नाही, तर मालक मालकीच्या कागदांसह नोटीस देऊ शकतो. त्यानंतर २४ महिन्यांत संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. ही मुदत आधी सहा महिने होती, २००९ मध्ये बारा झाली आणि २०१५ मध्ये चोवीस. 'पावलं' म्हणजे फायलीतलं पत्र किंवा ठराव नव्हे, प्रत्यक्ष संपादनाची कारवाई हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २००७ मध्ये गिरनार ट्रेडर्स प्रकरणात सांगितलं आहे.

आराखडा सुधारण्याचं काम चालू असताना मालकांनी इथे घड्याळ बघायला हवं. सुधारित आराखडा लागू होण्याआधी नोटीस दिलेली नसेल, तर जुन्या आराखड्याच्या दहा वर्षांचा आधार घेता येत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. दहा वर्षं उलटली असतील आणि नवं आरक्षण पुन्हा पडणार असं दिसत असेल, तर वाट बघण्यात नुकसान मालकाचंच आहे. नागरिकांच्या बाजूनं पाहिलं तर उलटी गोष्ट तितकीच खरी. आपल्या भागातल्या मैदानाच्या आरक्षणाला दहा वर्षं कधी होतात ते माहीत असेल, तर नोटीस येण्याआधीच त्याच्या संपादनासाठी पालिकेच्या अंदाजपत्रकात तरतूद करायला लावता येते. चोवीस महिने संपल्यावर आंदोलन केलं तर जागा परत येत नाही.

मंजुरीनंतरही आराखडा गोठलेला नसतो. कलम ३७ खाली छोटे फेरबदल वर्षभर चालू असतात: कुठे रस्त्याची रुंदी कमी, कुठे आरक्षणाचा उद्देश बदललेला, कुठे विभाग बदललेला. प्रत्येकासाठी सूचना छापून हरकती मागवाव्या लागतात, पण ती वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरात असते. वॉर्डातल्या एखाद्या संस्थेनं राजपत्र आणि पालिकेच्या नगररचना विभागाचं सूचना पान महिन्यातून एकदा बघायची जबाबदारी एका माणसाला द्यावी. आणि जमीन घेणाऱ्यानं झोन दाखला (जमीन कोणत्या विभागात आहे ते सांगणारा) व भाग नकाशा व्यवहाराच्या आठवड्यातलाच घ्यावा. वर्षभरापूर्वीचा दाखला दाखवून कोणी खात्री देत असेल, तर त्या गट नंबरवर मधल्या काळात काही फेरबदल झाला का, हे नगररचना कार्यालयाकडून लेखी मागून घ्यावं.